इंग्लंडातले तालुके

“आय ड्राइव्ह अ बुस,” दिलावर म्हणाला, आणि शमशुद्दीन मास्तरांनी ओठाला लावलेली पांढऱ्या रश्श्याची वाटी तशीच खाली ठेवली.

“व्हॉट डू यू ड्राइव्ह?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“बुस, दादाजान. डबल डेकर.”

“बस,” मास्तर म्हणाले.

दिलावरला वाटलं, म्हातारबाबा वाढणं पुरे म्हणताहेत. नजीरा पळी घेऊन त्याच्याच ताटाशी वाकली होती. त्यानं घाईनं हात आडवा धरला. “बस, बस, फुप्पी. पोट फुटंल आता.”

बादशहा मोठ्यानं हसला. नजीरा हसली. आतल्या खोलीच्या दाराआडून सलिमाच्या बांगड्यांचा आवाज झाला, म्हणजे तीही हसली असावी. गौस तेवढा ताटात मान घालून भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवत राहिला. तुकडा भिजून विरघळला तरी त्याला कळलं नाही.

‘बुस’ हा शब्द त्यानं सत्तावीस वर्षांनी ऐकला होता, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून.

तेव्हा गौस आठवीत होता. इंग्रजीचं पहिलंच वर्ष, शिकवायला स्वतःचा बाप, आणि त्या दिवशी वर्गात तपासनीस साहेब बसलेले. मास्तरांनी मुद्दाम आपल्याच पोराला वाचायला उभं केलं, कारण घरी त्याची तयारी करून घेतली होती. वाक्य एवढुसं, बस रस्त्यावर आहे, इतकंच. आदल्या आठवड्यात पी-यू-टी ‘पुट’ शिकवून झालं होतं. गौसनं मनाशी अंदाज बांधला आणि खणखणीत आवाजात ‘बुस’ वाचलं. साहेब खुदकन हसले. मास्तरांनी गौसला बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाला त्याच्याकडे बोट दाखवून ‘बस, बस’ असं म्हणायला लावलं, साहेबांचा चहा येईपर्यंत. संध्याकाळी गावातली पोरं त्याला ‘बुसगौस’ म्हणू लागली. वर्ष संपल्यावर त्यानं शाळा सोडली आणि तो मामाच्या शिवणयंत्रावर जाऊन बसला. आज राजारामपुरीत तिसऱ्या गल्लीला त्याचं स्वतःचं दुकान होतं, आणि पँट शिवावी तर गौसभाईनंच असं कॉलेजची पोरं म्हणत. बापलेकांत त्या दिवसाविषयी एक अक्षर कधी निघालं नाही. दोघं एकाच घरात राहत, एकाच वेळी जेवत आणि हवापाण्याचं बोलत.

बादशहा हा गौसच्या बायकोचा, नजीराचा, मामेभाऊ. एकसष्ट साली बायको आणि सात वर्षांचा पोरगा घेऊन तो विलायतेत ब्रॅडफर्ड नावाच्या गावी लोकरीच्या गिरणीत कामाला गेला, तो आता अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात पहिल्यांदा मुलखात आला होता. पोरगा चोवीस वर्षांचा दांडगा गडी झाला होता. त्याच्यासाठी सलिमाला मागणी घालायची, हे पत्रांतून ठरून गेलं होतं. पत्रात दिलावर ‘ट्रान्सपोर्टमध्ये चांगल्या हुद्द्यावर’ होता. सलिमा गौसची एकुलती एक लेक, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि इंग्रजी घेऊन शिकत होती. तिचं इंग्रजी मास्तरांनी घडवलेलं. एका स्वरात खोट काढून दाखवावी कुणी.

मास्तरांचा कान हा सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेला. समोरच्यानं इंग्रजीत चार वाक्यं बोलावीत आणि मास्तरांनी त्याचा तालुका सांगावा. गडहिंग्लजकडचा माणूस प्रत्येक शब्दाच्या शेवटी हळूच ‘उ’ सोडतो, त्याची ‘कार’ म्हणजे ‘कारु’ असते. बेळगावच्या वाटेला लागलेला ‘एम.ए.’ झाला तरी ‘यम्मे’च सांगणार. जोतिबाच्या डोंगरावरचा दुकानदार स्कूलला ‘इस्कूल’ आणि स्टेशनला ‘ठेसन’ म्हणतो, आणि पंजाबातून आलेल्या यात्रेकरूशी त्याचं ठेसनावरून भांडण होतं, कारण तो ‘सटेशन’ म्हणत असतो. ह्या सगळ्यांच्या पलीकडे, सात समुद्रांपार, एक शुद्ध इंग्रजी नांदतं, तिथला भाजीवालासुद्धा डिक्शनरीसारखा बोलतो, अशी मास्तरांची पक्की श्रद्धा होती. ते स्वतः हातकणंगल्याच्या पलीकडे वाढलेले, पण घरातदेखील कधी ‘हाय’ किंवा ‘न्हाय’ म्हणत नसत. मुंबईही त्यांनी एकदाच पाहिली होती.

हात धुऊन झाल्यावर मास्तरांनी पाहुण्याची परीक्षा पुढं चालू ठेवली.

“हाउ डू यू गो टु वर्क?”

“आय टेऽक मी बाइक उप द रोऽड.” त्यातल्या ‘माय’चा ‘मी’ झाला होता आणि ‘अप’चा ‘उप’. आणि ‘टेक’ आणि ‘रोड’ तर असे लांब, सपाट, की थेट हातकणंगल्याच्या बाजारातून उचलून आणावेत.

“अँड व्हेन डू यू टेक युवर बाथ?”

“बॅथ? सुंडे,” दिलावर म्हणाला. मग त्यानं मराठीत भर घातली, “तिकडं लई थंडी आसती ओ.”

मास्तर उठले. “गौस, जरा आत ये,” म्हणाले.

स्वयंपाकघरात नजीरा भांडी आवरत होती. सलिमा चहाचं आधण ठेवत होती. मास्तरांनी दार ओढून घेतलं.

“हा मुलगा विलायतेत राहिलेला नाही.”

नजीराच्या हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. “म्हंजे?”

“म्हणजे बनाव आहे. मुंबईत कुठंतरी गॅरेजवर असणार. इंग्लंडात सतरा वर्षं काढलेला माणूस बस म्हणू शकत नाही? रविवार म्हणू शकत नाही? अरे, आपल्या वडगावचा माणूस ह्याच्यापेक्षा बरं बोलतो. असे विलायती जावई हल्ली फार फिरताहेत. पोरगी घेऊन जातात आणि मग पत्ता लागत नाही.”

“अब्बा, त्यो माझ्या मामाचा नातू हाय,” नजीरा म्हणाली. “मी त्याला मांडीवर खेळवलाय. एअरमेलची पत्रं काय मी घरात छापलीत व्हय?”

“पत्रावर उच्चार उमटत नसतो.”

“पासपोर्ट बघा की मग.”

“पासपोर्टावर तरी कुठं उमटतो?”

नजीरानं नवऱ्याकडं पाहिलं. एवढी वर्षं सासऱ्यासमोर नवरा आपली बाजू घेईल, ही आशा तिनं कधीच सोडून दिली होती. तरी सवयीनं पाहिलं. गौस खिडकीतून खालच्या गल्लीकडं बघत होता. खरं सांगायचं तर सलिमाला इतक्या लांब द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि अब्बांनीच मोडता घातला तर आपल्याला वाईटपणा येणार नाही, असा एक विचार सकाळपासून त्याच्या मनात येऊन जात होता. आता तसं खरोखरच घडायला लागलं, आणि ते त्याला नकोसं वाटू लागलं.

“पाहुण्यांना काय सांगायचं?” त्यानं विचारलं.

“मी सांगतो,” मास्तर म्हणाले.

ते बाहेर गेले आणि त्यांनी सांगितलंच. शब्द मऊ वापरले, पण अर्थ मऊ नव्हता. बादशहाचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून दोन्ही पासपोर्ट काढून चटईवर टाकले. मास्तरांनी चश्मा लावून पानन् पान पाहिलं, शिक्के वाचले, आणि पासपोर्ट मिटून परत दिले.

“ठीक आहे. राहिलेला आहे, हे मान्य. मग तर जास्तच वाईट. सतरा वर्षं इंग्लंडात राहून ज्याला ‘बस’ म्हणता येत नाही, त्यानं तिथं केलं काय? बादशहा, माझी नात शेक्सपिअर वाचते.”

“वाचू दे की मास्तर. पोरगं कुठं आडवं येतंय?” बादशहा उठून उभा राहिला. “मी गिरणीत रात्रपाळ्या करून पोरगं वाढिवलं. त्याला शिकिवलं त्या गोऱ्यांनीच. आणि तुमी इथं राजारामपुरीत बसून त्याला नापास करताय? दिलावर, ऊठ. जोडं घाल.”

दिलावर उठला. रागापेक्षा त्याच्या तोंडावर कंटाळा होता, हे गौसनं पाहिलं. असल्या परीक्षेची सवय असल्यासारखा तो बुटाची नाडी बांधायला खाली बसला. मास्तर त्याच्याकडे बोट दाखवून बादशहाला सांगू लागले, “राग मानू नकोस. पण साधा शब्द आहे. मी आत्ता शिकवतो. से इट आफ्टर मी, यंग मॅन. बस.”

“अब्बा,” गौस म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. पण तो मध्ये बोलला हेच इतकं नवीन होतं, की बादशहासुद्धा थांबला.

“ह्याला बी बाकावर उभं करणार काय?”

मास्तरांचं बोट हवेतच राहिलं. नजीराला ती गोष्ट तिच्या सासूनं मरायच्या आधी एकदा सांगितली होती. तिनं पदर तोंडाला लावला. सलिमाला काहीच ठाऊक नव्हतं. ती चहाचा ट्रे धरून दारात उभी होती, एकदा वडिलांकडं आणि एकदा आजोबांकडं बघत.

“त्याचा इथं काय संबंध?” मास्तर म्हणाले. आवाज मात्र वर्गातला राहिला नव्हता.

गौसला जे बोलायचं ते एका वाक्यात संपलं होतं, आणि आता पुढं काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं.

नेमका त्या वेळी जिन्यात काठीचा आवाज आला आणि आकाराम वर आला. आकाराम हा पलटणीतून निवृत्त झालेला गडी. रविवारी दुपारी मास्तरांकडं चहाला येण्याचा त्याचा बारा वर्षांचा नेम. लढाईत तो इटलीपर्यंत जाऊन आलेला. मास्तर त्याला इंग्रजी पेपर वाचून दाखवत, आणि त्याच्या बदल्यात तो त्यांना लढाईच्या त्याच त्या चार गोष्टी सांगत असे.

“काय ओ, मयताला आल्यागत उभं का समदी?” त्यानं दारातूनच विचारलं.

नजीराच पुढं झाली. सासऱ्याच्या देखत, कमरेला पदर खोचून. “आकारामभाऊ, तुमी गोरं बघितल्यात. तुमीच सांगा. इंग्लंडातला माणूस मोटारीला बुस म्हणतोय व्हय?”

“म्हणतोय की,” आकाराम म्हणाला आणि भिंतीला टेकून आरामात बसला. “आमच्या शेजारच्या पलटणीत सार्जंट हुता. ह्यो हेवढा. यार्कशेर का कायसं त्येचं गाव.”

“यॉर्कशर,” दिलावर नाडी सोडून म्हणाला. “ब्रॅडफर्ड तितंच हाय.”

“व्हय का पावणं? मग तुमी त्येच्या गाववालं. त्यो सकाळी तंबूत तोंड घालून वराडायचा, गेट ऊप, गेट ऊप! आमाला वाटायचं, ह्येला माकडानं धरलंय का काय. कुम ऑन म्हणायचा. कुप ऑफ टी म्हणायचा. आन बुस. बरं, त्येचा कॅप्टन लंडनचा. त्येला ह म्हणायला जमायचंच न्हाय. हॉस्पिटलला ऑस्पिटल म्हणायचा. आन एक डाक्टर हुता स्काटलंडचा, त्यो र असा घोळवायचा, जसं आपल्यातलं कोण तरी खवळलंय. तिघं एका टेबलाव बसली की एकमेकाचं बोलणं तिघास्नी कळायचं न्हाय. मला मधी घालून इचारायची, आकाराम, व्हॉट इज ही सेइंग?”

बादशहाला हसू आवरेना. तो पुन्हा चटईवर बसला.

“पण तो सार्जंट होता,” मास्तर म्हणाले. “प्रोफेसर नव्हता.”

“गोरा तर हुता न्हवं?” आकाराम म्हणाला. “मास्तर, इंग्लंडात बी तालुकं असत्यात. तुमी काय समजला, समदं गाव राणीच्या वाड्यात ऱ्हातंय?”

मास्तर खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, “ह म्हणता येत नव्हतं? लंडनच्या माणसाला?”

“आल्लाशपथ. म्हंजे तुमच्या आल्लाची.”

सलिमानं ट्रे खाली ठेवला. तिनं कुणाला विचारलं नाही. ती दिलावरच्या समोर बसली आणि मराठीतच म्हणाली, “मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.”

नजीरा काही बोलणार, तर गौसनं हात वर करून तिला थांबवलं. मध्ये पडण्याची आज त्याची ती दुसरी वेळ होती.

“तिथं गेलात तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होता. मग बोलत कसे होता?”

“आसंच, कोल्हापुरी,” दिलावर म्हणाला. “शाळंत पैल्या दिवशी मी ‘बस’ म्हणालतो. आपल्यात म्हणत्यात तसं. बाईंनी परत म्हणायला लावलं. समदी पोरं हसली. मग घरी आरशापुढं बसून शिकलो. बुस, बुस. अब्बांना वाटलं, मला ताप चढलाय.” त्यानं मान वर करून मास्तरांकडं पाहिलं. “आता न्हाय जमत दुसरं, दादाजान. एकदा मोडून बसिवलंय, परत कसं मोडू?”

आकाराम बशीत चहा ओतत होता, त्याचा तेवढा आवाज.

“दुसरी गोष्ट,” सलिमा म्हणाली. “माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा सव्वा वर्षानं आहे. ती दिल्याशिवाय मी येणार नाही. आणि तिथं आल्यावर पुढं शिकणार. चालेल?”

दिलावरनं बापाकडं न बघताच मान हलवली. “तितं कॉलेज हाय. आमच्या बुसच्या रूटवरच.”

पाहुणे पाच वाजता गेले. सुपारी फुटली नाही, पण बादशहानं जाताना मास्तरांच्या हातात हात दिला, आणि नजीरानं डबा भरून दिला. मास्तरांनी आपली जाड डिक्शनरी काढली, प्रस्तावना उघडली, आणि बोट ठेवून बारीक अक्षरातली टीप वाचत बसले. मागं कधी ती टीप त्यांनी वाचलेली नव्हती.

सोमवारी सकाळी गौस दुकानात एका पँटची शिलाई उसवत होता, तर पायरीवर सावली पडली. मास्तर उभे होते. शेरवानीचा गळा बंद, काखेत छत्री. ह्या दुकानाला अकरा वर्षं झाली होती आणि ते कधी इथं आले नव्हते. कपडे ते गंगावेशीत एका म्हाताऱ्या शिंप्याकडून शिवून घेत. दोन वर्षांपूर्वी तो वारला, तेव्हापासून त्यांनी नवीन काही शिवलंच नव्हतं.

गौसनं स्टूल पुढं केलं. मास्तर बसले नाहीत. त्यांनी कपाटातले कपड्यांचे तागे पाहिले, भिंतीवरचा आरसा पाहिला, मग रस्त्याकडं तोंड करून बोलू लागले.

“डिक्शनरीत आहे. उत्तरेकडे तसा उच्चार करतात, असं स्पष्ट लिहिलं आहे.”

“आसंल,” गौस म्हणाला.

“तरी परीक्षेत ‘बस’च धरतात. माझं चुकलं नव्हतं.”

उसवलेला दोरा गौसनं बोटाला गुंडाळला.

“उच्चार माझा बरोबरच होता,” मास्तर पुन्हा म्हणाले. समोरून एक रिक्षा गेली, सायकलवरून एक दूधवाला गेला. “पण तुला बाकावर उभं करायला नको होतं. साहेब हसला. मला वाटलं, तो मलाच हसला. मी तुला पुढं केलं.”

गौसच्या बोटाला दोरा रुतला होता. त्यानं तो सोडवला. एवढ्या वर्षांत हे वाक्य आलं तर आपण काय म्हणू, ह्याचा त्यानं कितीदा विचार केला होता, आणि दर वेळी निरनिराळं, धारदार, पुरतं उत्तर तयार करून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही आठवेना. समोर सत्तर वर्षांचा माणूस उभा होता, कॉलर मानेभोवती सैल झालेली, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. शिंप्याच्या डोळ्याला ते आधी दिसलं.

“निकाहाला काय घालणार?” त्यानं विचारलं.

“हीच शेरवानी.”

“ती मोठी झालीया तुमाला. नवी शिवू.”

“कशाला? सव्वा वर्ष आहे अजून.”

“माप तर घिऊन ठेवतो.”

गौसनं गळ्यातली टेप काढली आणि बापाच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. खांद्याचं माप घेतलं, बाहीचं घेतलं. मग समोर आला. दोघांचे चेहरे आरशात शेजारी शेजारी दिसले, तेव्हा दोघांनीही नजर दुसरीकडं वळवली.

“हात वर करा, अब्बा.”

मास्तरांनी छत्री स्टुलावर ठेवली आणि दोन्ही हात वर केले.